शंभर पेशींची आठवण : रहिमतपुरात बसून करता येणारा एक प्रयोग

मेंदूत आठवण कशी साठते आणि हवी तेव्हा कशी परत येते, हे संगणकावर उभं करून पाहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी? विज्ञान शाखेत शिकणारी मुलं हे विचारतात तेव्हा त्यांच्या मोबाइलवर बहुधा झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, निळ्या-जांभळ्या रंगाच्या चेतापेशीचं चित्र उघडलेलं असतं. हे बनवायचंय, असं ती म्हणतात. माझा सल्ला त्यांना जरा रुक्ष वाटतो. ते चित्र सध्या बाजूला ठेवा आणि चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. दहा ओळी, दहा रकाने, असे शंभर चौकोन आखा आणि त्यांत ‘र’ काढा. काळा चौकोन म्हणजे जागी पेशी, कोरा म्हणजे झोपलेली. तुमचं पहिलं मॉडेल एवढंच. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. रहिमतपुरात घरच्या टेबलावर, चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर ते आरामात चालतं. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडूनही चालतं. बोटांना त्रास होतो, पण चालतं.

आधी थोडं मेंदूविषयी. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत वळलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाला फिट्स थांबत नव्हत्या म्हणून शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकण्यात आला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण तयार होणंच थांबलं. पुढे २००८ साली मृत्यू येईपर्यंत, रोज भेटणारी माणसंही त्याला नवखी वाटत राहिली. लहानपणच्या बऱ्याच गोष्टी मात्र शाबूत होत्या. आठवण तयार होण्याचं काम या जागेशी बांधलेलं आहे, हे त्यातून पक्कं झालं. पुढे १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं की चेतातंतूंना वेगाने वारंवार विद्युत-संदेश दिले तर त्यांचा पुढच्या पेशींशी असलेला सांधा बळकट होतो आणि ही बळकटी कित्येक तास टिकते. दोन पेशी एकत्र जाग्या झाल्या की त्यांच्यातला सांधा घट्ट व्हावा, असा तर्क डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्येच मांडला होता. आपल्या मॉडेलला नियम लागतो तो हाच.

आता कामाला लागू. पायथन आणि त्यातलं नमपाय हे पॅकेज लागेल, दोन्ही फुकट आहेत. काळ्या चौकोनाला अधिक एक आणि कोऱ्याला उणे एक अशी किंमत द्या. शंभर पेशींतल्या प्रत्येकीचा इतर नव्याण्णवांशी सांधा आहे असं धरा. म्हणजे ४,९५० जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीसाठी दोन किमतींचा गुणाकार करा. दोघी जाग्या किंवा दोघी झोपलेल्या असतील तर अधिक एक येतो आणि सांधा घट्ट होतो. एक जागी, एक झोपलेली असेल तर उणे एक येतो आणि सांधा उलटा होतो. अक्षरं अनेक असतील तर प्रत्येकाचे गुणाकार त्याच तक्त्यात मिळवत जा. पेशीचा स्वतःशी सांधा शून्य ठेवायचा. हे विसरलं तर मॉडेल कारण नसताना हट्टी होतं. साठवण इथे संपली. ‘र’ वेगळ्या कप्प्यात, ‘म’ वेगळ्या कप्प्यात असं काही नाही. सगळी अक्षरं त्याच ४,९५० सांध्यांत एकमेकांवर पसरलेली असतात.

आठवणं याहून रंजक आहे. ‘र’चे पंधरा-वीस चौकोन मुद्दाम उलटे करा, किंवा खालचा अर्धा भाग कोरा करून टाका, आणि हे मोडकं अक्षर पेशींना सुरुवातीची स्थिती म्हणून द्या. मग रँडम क्रमाने एकेक पेशी उचलायची. इतर पेशींची किंमत गुणिले सांध्याची ताकद अशी बेरीज करायची, बेरीज धन आली तर पेशी जागी, ऋण आली तर झोपलेली. काहीच बदलेनासं होईपर्यंत हे चालू ठेवा. अक्षर पुन्हा उभं राहतं. नाटककार वसंत कानेटकरांचा जन्म रहिमतपूरचा, तेव्हा नाटकातला दाखला द्यायला हरकत नाही. विंगेतून प्रॉम्प्टरने पहिले दोन शब्द पुटपुटले की नटाच्या तोंडून अख्खं स्वगत बाहेर पडतं, तसं हे आहे. खुणेचा तुकडा आत गेला आणि पूर्ण आकृती बाहेर आली.

हे जाळं जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना जेफ्री हिंटन यांच्याबरोबर मिळालं, त्यामागे हे काम आहे. पण हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ नावाच्या पट्ट्यात पेशी एकमेकींशी भरपूर जोडलेल्या आहेत आणि तिथे अशीच तुकड्यावरून पूर्ण आठवण उभी राहत असावी, हा विचार इंग्लंडच्या डेव्हिड मार यांनी १९७१ मध्येच मांडला होता. त्यांचा तो निबंध गणिताने भरलेला आहे. पहिल्या वाचनात तो डोक्यावरून गेला तर निराश होऊ नका.

दोन तपासण्या मात्र पहिल्याच दिवशी करा. अक्षर ‘परत आलं’ हे डोळ्यांनी ठरवू नका, आकडा काढा. मूळ अक्षर आणि आलेलं अक्षर यांच्या किमती चौकोनामागून चौकोन गुणा, बेरीज करा, शंभराने भागा. एक आला तर तंतोतंत तेच. शून्य आला तर काही संबंध नाही. उणे एक आला तर चकित होऊ नका. तो मूळ अक्षराचा निगेटिव्ह आहे, काळ्याचं कोरं आणि कोऱ्याचं काळं. हॉपफिल्डच्या जाळ्यात प्रत्येक आठवणीबरोबर तिचा निगेटिव्हही फुकटात साठतो. निम्म्याहून जास्त चौकोन उलटे केलेत तर बहुधा तोच हाती लागेल. दुसरी तपासणी पुनरावृत्तीची. एकदा जमलं म्हणजे जमलं नाही. उलटे चौकोन दर वेळी नव्याने रँडम निवडा, तोच प्रयोग निदान पन्नास वेळा करा, आणि किती वेळा अक्षर परत आलं याचा आलेख काढा. रँडम आकड्यांसाठी कोणता सीड वापरला तेही वहीत लिहून ठेवा, नाहीतर कालचा निकाल आज तुम्हालाच परत मिळणार नाही.

शिरोरेखेचा घोळ

आता मॉडेल मोडायचं. पुस्तकात वाचाल की अशा जाळ्यात पेशींच्या संख्येच्या सुमारे १४ टक्के आठवणी मावतात. अमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की यांनी १९८५ मध्ये काढलेला ०.१३८ हा आकडा प्रसिद्ध आहे. त्या हिशेबाने शंभर पेशींत तेरा-चौदा अक्षरं मावायला हवीत. करून बघा. प, ष, म, भ, घ, ध अशी साठवत गेलात तर पाच-सहा अक्षरांतच सगळं कोलमडायला लागतं. ‘घ’ मागितला तर ‘ध’ येतो, आणि आणखी अक्षरं घातली की काहीही मागा, शिरोरेखा आणि उभा दांडा एवढाच सांगाडा समोर येतो.

चूक कोडमध्ये नाही. तो आकडा रँडम आकृत्यांसाठी आहे, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या आकृत्यांसाठी, आणि जाळंही मोठं असेल असं गृहीत धरून. आपल्या अक्षरांत शिरोरेखेचे १० चौकोन आणि दांड्याचे ९ असे १९ चौकोन जवळपास सगळ्यांत सारखे, कडेची कोरी जागाही सारखी. इंग्रजी लिपीतल्या उदाहरणांवरून शिकणाऱ्या मुलांना ही अडचण इतक्या लवकर भेटत नाही. आपल्याला ती दारातच भेटते, आणि मला तो फायदाच वाटतो. कारण मेंदूपुढेही हीच अडचण आहे. काल बाजारात गाडी कुठे लावली आणि आज कुठे लावली, या दोन आठवणींत रस्ता तोच, गाडी तीच, दुकानंही तीच. सगळं सारखं, फरक तेवढा बारीक.

यावर मेंदूचा तोडगा सीए-३ च्या आधी बसलेला आहे. त्या भागाला डेंटेट जायरस म्हणतात. उंदरात तिथे सुमारे दहा लाख दाणेदार पेशी आहेत, तर पुढच्या सीए-३ मध्ये तीन लाखांच्या आसपास. आणि या दहा लाखांतल्या एका वेळी फारच थोड्या जाग्या असतात. माहिती आधी मोठ्या मैदानात विरळ पसरायची, म्हणजे सारखे दिसणारे दोन अनुभव वेगवेगळ्या मूठभर पेशींवर जाऊन पडतात. तुम्हीही हे करू शकता. शंभर चौकोनांसमोर एक हजार ‘दाणेदार’ पेशी ठेवा. प्रत्येकीला रँडम निवडलेल्या दहा-बारा चौकोनांकडूनच संदेश येऊ द्या, त्यांना रँडम वजनं द्या, बेरीज करा, आणि सर्वांत मोठी बेरीज असलेल्या फक्त वीस पेशी जाग्या ठेवून बाकीच्या झोपवा. मग ‘घ’ आणि ‘ध’ यांच्या वीस-वीस पेशींत किती समान आहेत ते मोजा. चौकोनांत जेवढं साम्य होतं त्याहून ते स्पष्टपणे कमी झालेलं दिसेल. विसाऐवजी दहा, पन्नास, दोनशे करून पाहा. जास्त पेशी जाग्या ठेवल्या की साम्य पुन्हा वाढत जातं.

या हजार पेशींच्याच जाळ्यात आता आठवणी साठवा. सांध्यांचा तक्ता दहा लाख आकड्यांचा होईल, पण तो आठ एमबीत मावतो. इथे किमती एक आणि शून्य घ्या आणि गुणाकारापूर्वी प्रत्येकीतून सरासरी, म्हणजे इथे ०.०२, वजा करा. आठवताना दर फेरीला सर्वांत मोठ्या बेरजेच्या वीसच पेशी जाग्या ठेवा. मेंदूत ही शिस्त दमन करणाऱ्या पेशी लावतात.

आता एक पेच येतो, आणि या विषयात मला सर्वांत आवडणारी जागा हीच आहे. जी युक्ती साम्य तोडते, ती मोडक्या खुणेलाही तोडते. ‘घ’चे पंधरा चौकोन बिघडवून त्याच दाणेदार पेशींतून पाठवला तर तो मूळ ‘घ’पासूनही दूर जातो. डेंटेटला हा नवा अनुभव आहे की जुन्याची फाटकी प्रत आहे, हे कळत नाही. साठवायला चांगलं ते आठवायला वाईट. १९९२ मध्ये अलेसांद्रो ट्रेव्हस आणि एडमंड रोल्स यांनी यावर जो मार्ग सुचवला तो उंदराच्या मेंदूतल्या मोजणीवर उभा आहे. सीए-३ च्या एका पेशीला डेंटेटकडून येणारे सांधे जेमतेम ४६, पण दांडगे. डेंटेटला वगळून बाहेरच्या एन्टोरायनल भागातून थेट येणारे सुमारे ३,६००, पण दुबळे. आणि सीए-३ च्या आपसातले १२,००० च्या घरात. साठवताना दांडगा रस्ता कोणत्या पेशी जागवायच्या ते ठरवतो. आठवताना थेट रस्त्याने खूण येते आणि आपसातले सांधे ती पुरी करतात, असं त्यांचं म्हणणं.

तुमच्या मॉडेलमध्ये याचा अर्थ सरळ आहे. साठवताना शंभर चौकोन आणि जाग्या झालेल्या वीस पेशी यांच्यातही हेबच्या नियमाने सांधे बांधा. आठवताना चौकोनांकडून येणारे ते रँडम सांधे बंद ठेवा, मोडकं अक्षर या नव्या सांध्यांतून आत पाठवा आणि मग हजार पेशींच्या जाळ्याला ते साफ करू द्या. परत अक्षर पाहायचं असेल तर उलट दिशेचेही सांधे साठवणीच्या वेळीच बांधून ठेवा. मघाशी ज्या अक्षरांवर साधं जाळं बुडालं, तीच या रचनेत कशी टिकतात ते एकाच आलेखावर शेजारी शेजारी काढा. रँडम सांधे चालू ठेवून आठवल्याची तिसरी रेषाही काढा. या तीन रेषांचा आलेख स्वतःच्या हाताने आला, तर विषयाचा गाभा हातात आला असं समजायला हरकत नाही.

यात खोटेपणा किती, तेही सांगितलं पाहिजे. हॉपफिल्डच्या जाळ्यात अ-पेशीचा ब-शी जेवढा सांधा तेवढाच ब-चा अ-शी. मेंदूत अशी सक्ती नाही. हॉपफिल्डच्या जाळ्यात एकच पेशी एकीला चेतवते आणि दुसरीला दाबते. खऱ्या पेशी साधारणपणे एकच काम करतात. शिवाय आपण आधी साठवलं आणि मग आठवलं, हे दोन टप्पे आपणच कोडमध्ये वेगळे लिहिले. मेंदूला कोण सांगणार की आता साठव, आता आठव? मायकेल हॅसेल्मो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सुचवलं की हिप्पोकॅम्पसमधली थीटा लय, उंदरात सेकंदाला चार ते दहा हेलकाव्यांची, हे काम करत असावी. एका अर्ध्या हेलकाव्यात बाहेरचा संदेश जोरात आणि साठवण चालू, दुसऱ्या अर्ध्यात आतल्या सांध्यांना वाव आणि आठवण चालू. कुत्सुरिदिस, कॉब आणि ग्रॅहॅम यांनी २०१० मध्ये हीच कल्पना सीए-३ च्या पुढच्या सीए-१ या पट्ट्याच्या छोट्या मॉडेलमध्ये घातली. त्यात १०० पिरॅमिडल पेशी आणि चार प्रकारच्या मिळून पाच दमनकारी पेशी आहेत, आणि कोणत्या प्रकारची पेशी हेलकाव्याच्या कोणत्या भागात जागी होते यावर सगळा खेळ आहे. ते मॉडेल येल विद्यापीठाच्या मॉडेलडीबी या संग्रहात मोफत मिळतं. तुमच्या शंभर चौकोनांनंतर ही शंभर पेशींची वस्ती चांगली पुढची पायरी आहे.

खऱ्या पेशीकडे वळताना

आता ते निळं-जांभळं चित्र बाहेर काढायला हरकत नाही. तशी फांद्यांची पेशी उभी करण्याचं काम न्यूरॉन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्यात पेशीचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकात विद्युतदाब मोजला जातो. मागचं गणित हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये माकुळासारख्या स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवरून काढलेलं. नवख्यांना गोवणारा सापळा याच इतिहासात आहे. त्यांचे प्रयोग थंड पाण्यात झाले होते, आणि न्यूरॉनमध्ये तापमान न सांगितल्यास ते ६.३ अंश सेल्सियस धरतं. उंदराची पेशी इतक्या थंडीत ठेवून तिच्याकडून बरोबर वागण्याची अपेक्षा करू नका; तुम्ही वापरत असलेलं मॉडेल ज्या तापमानासाठी लिहिलंय, ते आधी भरा. दुसरी सवय अशी लावा की निकाल आला की वेळेचा टप्पा निम्मा करून तोच प्रयोग पुन्हा चालवायचा. निकाल बदलला, तर आधीचा निकाल मेंदूचा नव्हता, गणिताच्या ढिलाईचा होता. एककंही पाहून घ्या. पेशीची जाडी मायक्रोमीटरमध्ये आणि विद्युतवाहकता चौरस सेंटिमीटरमागे, अशी सरमिसळ तिथे आहे. खऱ्या पेशींचे मोजलेले आकार न्यूरोमॉर्फो या संग्रहात मिळतात. इंटरनेट संथ असेल तर फाइली एकदाच रात्री उतरवून घ्या, पुढचं सगळं काम नेटशिवाय होतं.

बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत उपिंदर भल्ला यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं मूस हे भारतीय सॉफ्टवेअरही मोफत आहे. पेशीतली रसायनं आणि वीज एकत्र पाहायची असेल तर ते वापरून पाहा. त्याच्या आवृत्त्यांना चमचम, घेवर, जलेबी अशी मिठायांची नावं आहेत, त्यामुळे कोणती आवृत्ती टाकली ते लक्षात राहतं.

आपल्याला सर्वांत जवळचं काम पुण्यात पाषाणला, आयसरमध्ये चालतं. सुहिता नाडकर्णी मूळच्या भौतिकशास्त्राच्या. सीए-३ मधून सीए-१ कडे जाणाऱ्या एकेका चेतासंधीचं मॉडेल हा त्यांचा विषय. टॉम बार्टोल, टेरेन्स सेज्नोव्स्की आणि हर्बर्ट लिव्हाइन यांच्यासह त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॉडेलमध्ये चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमचे कण कसे पसरतात आणि त्यावरून रसायनाची पिशवी सुटते की नाही, याचा हिशेब आहे. आपल्या चौकोनी जाळ्यात सांधा म्हणजे एक आकडा होता. इथे तोच सांधा यादृच्छिकतेने भरलेलं एक छोटं जग होतो. संदेश आला तरी बऱ्याचदा काहीच सुटत नाही. २०२१ मध्ये त्यांच्या गटाने याच टोकातला कॅल्शियमचा अंतर्गत साठा सांध्याची अल्पकाळची ताकद कशी बदलतो, हे मॉडेलने तपासलं. हे निबंध इंटरनेटवर मोफत वाचता येतात. सगळी समीकरणं समजायची वाट पाहू नका. आधी फक्त आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर वाचा, आणि प्रत्येक आकृतीला विचारा की इथे मोजलेलं काय आणि गृहीत धरलेलं काय.

एक गोष्ट इथेच बजावतो. घरात विसरण्याचा आजार असलेलं कुणी असेल तर या मॉडेलांत उपाय शोधू नका, आणि ‘मेंदूचं मॉडेल’ दाखवून स्मरणशक्ती वाढवण्याची औषधं किंवा अ‍ॅप विकणाऱ्यांपासून दूर राहा. ही मॉडेलं प्रश्न नीट विचारण्यासाठी आहेत. आजारासाठी न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

शिकण्याच्या साधनांपैकी मी तीनच सांगेन, कारण यादी लांबली की माणूस यादीच जमवत बसतो. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरच्या शर्बा बंद्योपाध्याय यांचा या विषयाचा कोर्स आहे. वुल्फ्राम गेर्स्टनर आणि सहकाऱ्यांचं ‘न्यूरोनल डायनॅमिक्स’ हे पुस्तक इंटरनेटवर पूर्ण मोफत आहे, त्यातलं हॉपफिल्डवरचं प्रकरण आधी वाचा. आणि न्यूरोमॅच अकादमीचे धडे कोलॅबमध्ये थेट चालवता येतात. बारावीपर्यंतचं गणित झालेल्याला यातलं निम्मं कळतं. मॅट्रिक्सचा गुणाकार तेवढा हाताने सोडवून पक्का करून घ्या.

कॉलेजात असाल तर तीन विज्ञान अकादमी मिळून देतात ती उन्हाळी फेलोशिप ध्यानात ठेवा. अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी मागवले जातात, म्हणून परीक्षा संपायची वाट पाहू नका. एखाद्या प्रयोगशाळेला स्वतंत्र पत्र लिहायचं असेल, तर ‘मला मेंदूविषयी खूप आवड आहे’ या वाक्याने ते सुरू करू नका. तशी पत्रं त्यांना रोज येतात. तीन रेषांचा तो आलेख जोडा, खाली चार ओळींत काय गृहीत धरलं ते लिहा, कोडचा दुवा द्या, आणि ज्या ठिकाणी तुमचं मॉडेल अडलं त्याबद्दल एकच नेमका प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, दाणेदार पेशी वीसऐवजी पाचच जाग्या ठेवल्या तर आठवण सुधारायच्या ऐवजी का बिघडली, हा. उत्तर आलं नाही तर पंधरवड्याने एकदा, नम्रपणे, आठवण करून द्या. आणि बोलावणं आलंच, तर रहिमतपूर स्टेशन पुणे–मिरज लोहमार्गावरच आहे. जाताना लॅपटॉपचा चार्जर तेवढा विसरू नका.